दांडीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं

हडपसर,
बुधवार, रात्री साडेदहा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. सकाळी दादा आत्याकडे डबा घेऊन येईल, त्याच पिशवीत हे पत्र असेल. डब्यात गवारीची भाजी आहे, दाण्याचं कूट घालून. रविवारी तू ताटावरून उठून गेलीस, त्यानंतर कोणीच धड जेवलं नाही. आजीनं तर ताट तसंच सारलं. हे टोचायला लिहीत नाही. बरं, थोडं टोचायलाच लिहितोय.

तू केलेल्या ट्रेलरच्या दांडीबद्दल, म्हणजे तो पुढच्या गाडीच्या हुकाला जोडायच्या दांडीबद्दल, एक अक्षर लिहायचं नाही, असं आईला कबूल केलंय.

ट्रेलरचा फोटो पाहिला. दादानं मोठा करून दाखवला. आठ फूट बाय साडेचार, ७५ बाय ४० मिलिमीटरचा लोखंडी चॅनेल, निळा रंग. देखणा झालाय. आयटीआयचं एक वर्ष आणि मामाच्या शेडमधले सात महिने, एवढ्या शिदोरीवर असं काम मी भल्याभल्यांचं पाहिलेलं नाही. तुला माहीत नाही, पण चौकट टॅक केलीस, म्हणजे नुसत्या टाक्यांवर उभी केलीस, त्या दिवशी मी शेडच्या दाराशी उभा होतो. तू टेप लावून दोन्ही कर्ण मोजत होतीस. एक पाच मिलिमीटर जास्त भरला. आमच्याकडच्या दहातल्या नऊ जणांनी ‘चालतंय की’ म्हणून पुढचा रॉड लावला असता. तू दोन टाके कापलेस, हातोड्यानं कोपरा सरकवलास आणि परत मोजलंस. मी काही न बोलता घरी आलो आणि आईला दोनदा सांगितलं. तुला सांगायचं राहिलं. रविवारी तोंडातून निघालं ते ‘हे काय करून ठेवलंस?’

तू म्हणालीस, बाबा टर्नर, लेथवरचे, त्यांना वेल्डिंगमधलं काय कळतं. बरोबर आहे. एकतीस वर्षं मी लोखंड कापत आलो, जोडलं कधीच नाही. पण तुटून आलेलं लोखंड आमच्याच टेबलावर यायचं गं.

आता विषय निघालाच आहे तर एकदाच लिहितो. दांडी तू पुढच्या आडव्या चॅनेलला नुसती टेकवून जोडलीस. ती खालून आत, आखापर्यंत न्यायला हवी होती. म्हणजे दोन-तीन ठिकाणी पकड मिळाली असती. आता खड्ड्यातला प्रत्येक हिसका त्या एका सांध्यावर येणार. हुकावर टेकलेली दांडी खालच्या अंगाला ताणली जाते, आणि नेमका तिथेच तू वेल्डिंगचा आडवा रन मारलास. वर ग्राइंडर फिरवून तो गुळगुळीत केलास. दिसायला छान, पण भरलेला माल घासून गेला तो गेलाच. आणि वेल्डिंगचा रॉड ६०१३ नंबरचा. मान्य, तो हातात बसलाय, ठिणगी पटकन धरतो, वरची स्लॅग, म्हणजे मळी, टरफलासारखी निघते. पण त्याचा वेल्ड खोल जात नाही. ७०१८ वापर म्हटलं तर तू म्हणालीस, ते दमट झालेत. ते दमट का झाले? पुडा फोडून पावसाळाभर शेडमध्ये उघडा ठेवला म्हणून. मग तू ते आईच्या ओव्हनमध्ये सुकवायला घातलेस! त्याला तीनशे-साडेतीनशे अंश लागतात, नानकटाईच्या ओव्हनचं ते काम नाही. आई अजून म्हणते, नानकटाईला लोखंडाचा वास येतो. मला तर येत नाही.

झालं. दांडी संपली.

तुझे पणजोबा जेजुरीच्या बाजारला गाडी न्यायचे, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. गाडी भरताना पोती ठेवली की ते जुवाखाली हात घालून दांडी हलकेच उचलून बघायचे. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते. जू वर उठतं, बैलांच्या गळ्याला फास बसल्यासारखं होतं. फार पुढं भरलं की मानेवर ओझं. मग मला म्हणायचे, ‘पुढं सरक रे, तू आमचं माप.’ मी एक वीत पुढं सरकायचो आणि ते मान डोलवायचे. मला वाटायचं, माझ्याशिवाय गाडी हलतच नाही.

तुझ्या ट्रेलरला हेच लागू. एकूण वजनातलं १० ते १५ टक्के हुकावर यायला हवं. जनरेटर तू पार मागं ठेवलायस, उतरवायला सोपं पडतं म्हणून. तो आखाच्या थोडा पुढं घे. उलाळ ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो आणि मग पुढच्या गाडीलाही हलवतो. काळा ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला साठ-पासष्ट किलोचा असतो, तोही मोजात धर. मरून रंगाचा ॲसिटिलीनचा उभाच बांध, आडवा नको, आत ॲसिटोन असतं. दोन्हींच्या टोप्या लावल्याशिवाय गाडी हलवू नकोस. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, ग्रीसचा तर नाहीच...

हे तुला पहिल्या महिन्यात शिकवलेलं असणार. व्याख्यान झालं. माफ कर. वेल्डिंगची काळी काच न घेता टाके मारलेस त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तळमळत होतीस, आई ओल्या पट्ट्या बदलत होती आणि मी वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो होतो, डोक्यावर पंखा चालू असताना. तेव्हापासून हे असं होतं.

आता एक गोष्ट सांगतो. आईखेरीज कोणाला माहीत नाही.

१९९६ सालची. उसाच्या ट्रॉलीच्या हुकाची पिन करून हवी होती. ट्रॅक्टरवाला दारात उभा, हंगाम सुरू. मी लेथवर पंचवीस मिनिटांत पिन काढली. डोकं ४० मिलिमीटरचं, खाली २५ चं. डोकं जिथं संपतं त्या खांद्याला गोलाई ठेवायची असते, तीन मिलिमीटरचा रेडियस, एवढंसं काम. त्यासाठी टूल बदलावं लागलं असतं. मी काटकोनात सोडून दिलं. माप बरोबर, फिनिश आरशासारखा. शाबासकी मिळाली.

दीड महिन्यानं दिवे घाटात भरलेली ट्रॉली सुटली. चढावर होती, मागं आली, डोंगराच्या अंगाला जाऊन अडली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर... मागून चालत येणाऱ्या एका माणसाचा पाय गेला. म्हणजे मोडला, पण तो पुढं कायमचा लंगडत राहिला. मालकानं सगळा दोष ट्रॅक्टरवाल्यावर टाकला, जास्त भरलं म्हणून. पिनचा तुकडा माझ्या टेबलावर आला. निम्मा भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा रेषा. उरलेला खरखरीत, ताजा. म्हणजे ती त्या दिवशी तुटलीच नव्हती. पहिल्या आठवड्यापासून रोज थोडी थोडी तुटत होती, त्या काटकोनातूनच. वरून कोणाला काही दिसत नव्हतं. मी तुकडा खिशात टाकला आणि गप्प बसलो.

देवघराच्या खालच्या खणात गंजका तुकडा आहे ना, लहानपणी ज्याला तू भोवरा म्हणायचीस, तो हाच. तू तो जमिनीवर फिरवायचीस आणि मी दुसऱ्या खोलीत जायचो.

त्यामुळे शनिवारी तू दिवे घाटातून जाणार म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. माऊलींच्या रथालासुद्धा त्या घाटात जादा बैलजोड्या लावतात. आणि चढाचं एक वेळ ठीक, संध्याकाळी दमून उतरताना काय? तुझं पहिलं स्वतंत्र काम आहे, अंजिराच्या बागेचं फाटक, ऑर्डर तू स्वतः आणलीस. मला कळत नाही असं समजू नकोस. कॉलनीत मी चार जणांना सांगितलंय. फक्त या वेळी जनरेटर मामाच्या पिकअपमध्येच टाकून ने. ट्रेलरचं पासिंगही झालेलं नाही अजून. १९८८ च्या कायद्यानं ट्रेलर म्हणजेसुद्धा वाहनच, कोणी अडवलं तर मामाला त्रास.

ऐकणार नसशील तर एवढं कर. सांध्यावरचा रंग काढ. डिझेल लाव, पाच मिनिटांनी कोरडं पूस, वर खडू फिरव. चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. मग दांडीच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या पट्ट्या घेऊन त्या मागच्या चॅनेलपर्यंत ने, रन लांबीच्या दिशेनं. साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना छेदून, म्हणजे हुक सुटला तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही. रंग खरवडायला मी येतो. पत्रा कापायचा असेल तर कापून देतो. बोलणार नाही, स्टुलावर बसेन.

काल जुन्या शेडवर गेलो होतो. पोरांनी लेथ दिला तासभर. तुझ्या हुकाची पिन केली, ईएन ८ पोलादात. खांद्याला गोलाई आहे, बोट फिरवून बघ. पिशवीत तळाशी, कापडात गुंडाळलेली आहे. तेलाचा हात लावलाय तिला, तेव्हा रेग्युलेटरच्या खोक्यात टाकू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. फोटोत मागचा डावा दिवा पेटलेला दिसत नाही. अर्थिंगची वायर रंगावरच बसवली असशील. तिथला रंग खरवड.