देवमाशाला राक्षस कसे म्हणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या बालपुरवणीतले ‘समुद्रातले राक्षस’ हे पान मी माझ्या नातवाला मोठ्याने वाचून दाखवले. तो सात वर्षांचा आहे आणि तुमच्या पुरवणीची शनिवारपासून वाट पाहतो. पान संपल्यावर तो म्हणाला, ‘‘आजी, राक्षसाला शेवटी मारतात ना? मग यांना कोण मारणार?’’ यात त्याचे काहीच चुकले नाही. आजवर त्याने ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत राक्षस शेवटी मारलाच गेला आहे. तुमच्या पानाने त्याला सहा प्राण्यांची ओळख करून दिली आणि सहाही जण मारण्याजोगे ठरवून दिले. रात्रभर त्याचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज हे पत्र.

त्या सहांत पहिला देवमासा. आपल्या भाषेने ज्याच्या नावातच देव ठेवला, तो मराठी मुलांच्या पानावर राक्षसांच्या यादीत जातो, हे लिहिणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या लक्षात कसे आले नाही? शिवाय तिथे चौकटीत एक ओळ आहे : ‘करड्या देवमाशाला शिकारी खलाशी सैतान मासा म्हणत.’ बस्स, पुढे काही नाही. का म्हणत, हे सांगायला तुम्हाला जागा पुरली नाही, पण दात विचकलेल्या शार्कच्या चित्राला अर्धे पान मिळाले. राहिलेले मी सांगते.

करडा देवमासा उन्हाळा उत्तरेला बेरिंग आणि चुकची समुद्रांत काढतो. तिथे कुशीवर होऊन तळाचा चिखल तोंडात ओढतो आणि त्यातले बारीक जीव गाळून खातो. हिवाळ्यात तो मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या उथळ, शांत खाड्यांत उतरतो. जाऊन-येऊन हा प्रवास पंधरा ते वीस हजार किलोमीटरचा होतो. त्या खाड्यांत माद्या पिल्लांना जन्म देतात. १८५७ साली चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकन कप्तान अशाच एका खाडीत शिरला. चिंचोळ्या पाण्यात पिल्लांजवळच्या माद्यांवर शिकारी होड्या धावून जाऊ लागल्या. मादीला पळून जाता आले असते, पण पिल्लाला तेवढे पोहता येत नव्हते. म्हणून ती उलटून होडीवर यायची. तिच्या शेपटीच्या तडाख्यांनी होड्या फुटल्या, माणसे जायबंदी झाली. त्यावरून हे नाव पडले, सैतान मासा. पोटचे पिल्लू वाचवणाऱ्या आईला, ते पिल्लू मारायला आलेल्यांनी दिलेले नाव आहे ते. थोड्याच वर्षांत त्या खाड्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. अटलांटिक महासागरातले करडे देवमासे तर त्याआधीच कायमचे संपले होते.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग, जो मुलांना सांगितलाच पाहिजे. १९७२ मध्ये मेक्सिकोने स्कॅमन ज्या खाडीत शिरला होता तीच खाडी देवमाशांसाठी राखून ठेवली. पुढे १९९३ मध्ये तिला आणि शेजारच्या सान इग्नासिओ खाडीला जागतिक वारशात स्थान मिळाले. या सान इग्नासिओत १९७०च्या दशकापासून माद्या आपण होऊन छोट्या होड्यांजवळ येऊ लागल्या. आजही येतात. होडीला अंग घासतात, पिल्लाला पुढे ढकलतात, माणसांनी हात लावला तर लावू देतात. त्या असे का करतात याबद्दल अभ्यासकांचे तर्क वेगवेगळे आहेत, पण त्या येतात हे हजारो माणसांनी पाहिले आहे.

एवढे मी नातवाला सांगितले, तेव्हा मारण्याबिरण्याचे तो साफ विसरला. त्याला वेगळीच काळजी लागली : पाण्याखाली दूध पिताना ते समुद्रात सांडत नाही का? सांडत नाही. आईचे स्तनाग्र पोटाच्या कातडीतल्या चिरेत लपलेले असते. पिल्लू तिथे तोंड लावते, जिभेची गुंडाळी करते आणि आई दुधाची पिचकारी थेट त्याच्या तोंडात सोडते. दूधही चरबीने इतके घट्ट असते की पाण्यात सहज विरघळून जात नाही. संपूर्ण दुपार माझा नातू आरशासमोर जिभेची गुंडाळी करून पाहत होता. देवमासा ‘मासा’ नाही, हे त्याला मला वेगळे शिकवावे लागले नाही. तुमच्या पानावर मात्र ‘जगातला सर्वांत मोठा मासा’ असे ठळक टाइपात छापले आहे! प्राण्यांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने देवमाशाला सस्तन प्राण्यांत घातले त्याला १७५८ पासून आज अडीचशेहून जास्त वर्षे झाली. आपल्या शब्दात ‘मासा’ असल्यामुळे मुलांचा गोंधळ होतो हे मान्य. म्हणूनच ते स्पष्ट करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सर्वांत मोठा मासा हवा होता तर देवशार्क ऊर्फ व्हेल शार्क होता. तो बारा मीटरच्याही पुढे वाढतो आणि तोंड उघडून तरंगते बारीक जीव गाळून खातो. पण मग अर्धे पान दात कुठून छापणार?

‘व्हॅम्पायर स्क्विड’ या माकुळासारख्या प्राण्याबद्दलही तेच. व्हॅम्पायर म्हणजे पाश्चात्त्य गोष्टींतले झगा घातलेले, रक्त पिणारे भूत. खोल समुद्रातला ‘रक्तपिपासू’ असे म्हणून तुम्ही त्याला पाचवा क्रमांक दिला आहे. १९०३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव देणाऱ्या कार्ल खुन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा काळसर रंग आणि बाहूंमधला झग्यासारखा पडदा पाहून ते नाव दिले. हा प्राणी जेमतेम फूटभर लांबीचा आहे. तो रक्त पीत नाही आणि शिकारीमागेही धावत नाही. वरच्या पाण्यातून मेलेल्या जिवांचे कण, विष्ठा, कातीचे तुकडे अखंड खाली झरत असतात. ते तो एका लांब चिकट तंतूवर गोळा करतो, त्यांचे गोळे वळतो आणि खातो. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मुलांना याची किळस वाटेल, ती हसतील आणि जन्मभर लक्षात ठेवतील. रक्तपिपासू हे खोटे आहे, आणि खऱ्यापेक्षा नीरसही आहे.

मला कोणी गैरसमजाने असे म्हणू नये की आजीबाईंना सगळे गोडगोड हवे आहे. मुळीच नको. ओर्का, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातले मोठे काळे-पांढरे शिकारी, करड्या देवमाशांची पिल्ले मारून खातात, आईपासून ओढून काढून मारतात. हे मी नातवाला सांगितले आणि त्याने ते नीट ऐकून घेतले. भूक म्हणजे काय हे मुलांना कळते. आणि ओर्कांच्या कळपात पुढे कोण असते? बहुधा म्हातारी मादी. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या, मासे खाणाऱ्या ओर्कांचा अभ्यास सांगतो की पिल्ले होण्याचे वय सरल्यावरही या आज्या कित्येक वर्षे जगतात, आणि सामन माशांचा दुष्काळ पडतो तेव्हा कळप त्यांच्या मागून जातो. आजी असली की नातवंडे जगण्याची शक्यता वाढते. या माहितीने मला स्वतःला फार बरे वाटले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. मोकळ्या समुद्रात ओर्काने माणसाला ठार मारल्याची एकही नोंद नाही, पण तुमच्या यादीत तो तिसरा राक्षस आहे.

शार्कच्या हल्ल्यांत जगभरात वर्षाला साधारण दहाच्या आत माणसे दगावतात. माणसांच्या हातून वर्षाला दहा कोटींच्या आसपास शार्क मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. राक्षसांच्या पानावर हे दोन आकडे शेजारी शेजारी छापून पाहा.

विषय निघालाच आहे तर रंगवायच्या चित्राबद्दलही लिहिते. एकाच हिमखंडावर पांढरे अस्वल आणि पेंग्विन! अस्वल आर्क्टिकचे, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. फक्त गालापागोस बेटांवरचे थोडे पेंग्विन विषुववृत्ताच्या जेमतेम उत्तरेला सापडतात. चिडियाघराबाहेर या दोघांची भेट होण्याची सोय पृथ्वीवर कुठेही नाही. गेल्या वर्षीही हेच चित्र होते, तेव्हाही मी पत्र पाठवले होते, त्याची पोचसुद्धा आली नाही. आणि ‘तुम्ही विचारा’ हे सदर का बंद केले? मुलांचे प्रश्न छापणारा तेवढाच एक कोपरा तुमच्याकडे होता. नातवाने प्रवाळाबद्दल पाठवलेला प्रश्न जूनपासून तुमच्याकडे पडून आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, तर तो एका जागी बसून खातो कसा, असे त्याने विचारले आहे. उत्तर मला ठाऊक आहे, पण त्याला ते छापून आलेले हवे आहे.

माझी मागणी एवढीच, की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि ती बालपुरवणीतच, त्याच पानावर, तितक्याच मोठ्या टाइपात छापा. आतल्या पानावरची बारीक अक्षरातली ‘खुलासा’ ही चौकट मोठी माणसेसुद्धा वाचत नाहीत. मुलांनी ‘राक्षस’ हे मोठ्या अक्षरांत वाचले आहे.

आपली,
एक नियमित वाचक