झुगला राहायला का जात नाही, त्याचं उत्तर

लुझर्न, स्वित्झर्लंड
14 डिसेंबर 2025

ती. बाबा आणि सौ. आई यांना शि. सा. न.

फोन होतोच, तरी पत्र लिहायला बसले. रविवारी राज्याने कर कमी करावेत का यावरून तुमची आणि अण्णाकाकांची अशी काही जुंपली की मला "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवावा लागला. आवाज स्वच्छ येत होता. पण बाबा जकातीवर आले की पुढचा अर्धा तास गेला, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यात आईचे प्रश्न राहून गेले, म्हणून आधी तिला उत्तर.

आई, खोकला गेला. व्हिडिओवर चेहरा उतरलेला दिसतो तो स्वयंपाकघरातल्या दिव्यामुळे, मी जेवते व्यवस्थित. तू दिलेलं येसर अजून आहे. एकटी आहेस, रात्री उशिरा येतेस, असं सारखं म्हणू नकोस. ऑफिसच्या रोटक्रॉइट्झ गावाहून आगगाडीत बसलं की पाव तासात लुझर्न, आणि रात्री अकरालाही डब्यात शाळेची पोरं एकटी बसलेली असतात. डॉक्टरकडे जाऊन आले, रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व कमी आहे. ते इथे पुष्कळांचं कमी असतं. ऊनच नाही तर येणार कुठून?

आता काकांकडे वळते. (बाबा, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्या बाजूचा भाग गाळू नका.)

काकांचं म्हणणं असं की लुझर्नशेजारच्या झुग कॅन्टनने (कॅन्टन म्हणजे इथलं राज्य) कर कमी केला, जगातल्या कंपन्या धावत आल्या, गरीब कॅन्टन श्रीमंत झालं. मग आपल्या राज्यानेही तेच करावं, म्हणजे कारखाने दुसरीकडे जायचे थांबतील. आणि शेवटी मला टोला: "सुमेधा झुगमध्ये नोकरी करते आणि राहते लुझर्नमध्ये, म्हणजे शिकून काय उपयोग!"

काका, झुगची गोष्ट खरी आहे. 239 चौरस किलोमीटरचं कॅन्टन, कराड तालुक्यात सहज मावेल. गाईगुरं, चेरीची झाडं, थोडे कारखाने, एवढंच होतं. 1920 च्या दशकात त्यांनी बाहेरच्या कंपन्यांना सवलतीचे कायदे केले, दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्या खरोखर येऊ लागल्या, 1974 मध्ये मार्क रिच यांनी तिथे तेल आणि धातूंच्या व्यापाराची कंपनी काढली, तिचंच पुढे ग्लेनकोर झालं. आज कंपनीच्या नफ्यावर तिथे सगळं धरून 12 टक्क्यांच्या आसपास कर लागतो, झ्युरिक आणि बर्नमध्ये तोच 20 च्या जवळपास. चेरीची झाडं अजून आहेत, पण त्यांच्या शेजारी काचेच्या इमारती आहेत आणि माझं ऑफिस त्यातल्याच एकात आहे.

पण ही निम्मी गोष्ट झाली. झ्युरिक झुगपासून आगगाडीने अर्ध्या तासावर आहे. बँका तिथे, विमानतळ तिथे, मोठी विद्यापीठं तिथे. ते सगळं झ्युरिकने उभं केलं, आणि शेजारी बसून झुगने दर उतरवला. वाड्यातल्या नळाला एका बिऱ्हाडाने मोटर लावली की त्यांच्याकडे पाणी धो धो येतं, सगळ्यांनी लावली की कुणालाच येत नाही. ते इथे झालेलं आहे, आणि आम्ही राहतो त्याच कॅन्टनमध्ये झालेलं आहे.

लुझर्नने 2012 मध्ये कंपन्यांचा नफ्यावरचा कर निम्मा केला. देशात सगळ्यात कमी, अशी जाहिरात झाली. कंपन्या आल्या, पण अंदाज केला होता तेवढ्या वेगाने पैसा आला नाही. 2016 मध्ये खर्च वाचवायला वरच्या वर्गांच्या शाळा आठवडाभर बंद ठेवल्या. स्वित्झर्लंडमध्ये! पोरांना सक्तीची सुट्टी! 2017 मध्ये सरकारने लोकांनाच विचारलं, तुमचा कर थोडा वाढवू का? लोक म्हणाले, नाही. मग सप्टेंबरपर्यंत कॅन्टनला मंजूर अंदाजपत्रकच नव्हतं, अगदी आवश्यक तेवढाच खर्च करत दिवस काढले. माझी घरमालकीण शाळेत शिकवायची. त्या सुट्टीचा विषय निघाला की ती आजही स्वयंपाकघरातली भांडी जोरात ठेवते.

बाबा, एवढ्यावर खूश होऊ नका. पुढची वर्षं लुझर्नला शिलकीची गेली, कंपन्यांकडून येणारा करही चांगला वाढला. सरकार म्हणतं, बघा, धीर धरला म्हणून फळ मिळालं. विरोधक म्हणतात, राष्ट्रीय बँकेने नफ्यातला वाटा दिला तोही त्यात आहे. मला विचाराल तर दोघांचं थोडं थोडं खरं आहे, आणि तो बंद राहिलेला आठवडा कुठल्याच हिशेबात धरलेला नाही.

काकांना टिटलिस आठवत असेलच, सहलीतले बर्फातले फोटो अजून दिवाणखान्यात आहेत. ते ज्या एंगेलबर्गहून वर गेले ते गाव ओबवाल्डन कॅन्टनमध्ये येतं. त्या ओबवाल्डनने 2005 मध्ये कमाल केली. एका मर्यादेनंतर मिळकत जितकी मोठी तितका कराचा दर कमी, असा नियम मतदानाने मंजूर केला, तोही मोठ्या बहुमताने. श्रीमंतांनी इकडे राहायला यावं म्हणून. 2007 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवून रद्द केला.

आता एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण मला ती इतक्या वर्षांनीही पचलेली नाही. इथे कर तीन ठिकाणी जातो: देशाला, कॅन्टनला आणि गावाला. कॅन्टन 26, गावं दोन हजारांवर, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. गावाचा दर ठरवतं कोण? गाव. म्हणजे बहुतेक ठिकाणी निवडून दिलेली चार माणसं नव्हेत, सगळं गाव. माझी एक सहकारी शेजारच्या आरगाऊ कॅन्टनमध्ये राहते, तिने मला मागच्या महिन्यात त्यांच्या गावसभेला नेलं. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडलेल्या. मी परदेशी, म्हणून मला बाजूला पाहुण्यांच्या रांगेत बसवलं, मत नाही ना. अध्यक्षांनी पडद्यावर जमाखर्च दाखवला आणि सांगितलं, शाळेची इमारत वाढवायची आहे, दर तीन टक्क्यांनी वाढवावा लागेल. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. एक शेतकरी उठला आणि म्हणाला, आधी तो नवा चौक का केला ते सांगा. एका बाईने गच्चीवर सौर पॅनेल बसणार का, विचारलं. एका म्हाताऱ्यांनी छतावरच्या बर्फाचा भार किती धरलाय, ते विचारलं! मग हात वर. मोजणी. दर वाढला. आपणच आपला कर वाढवला आणि सगळे शेजारच्या खोलीत जाऊन पांढरी वाइन प्यायले, चीज खाल्लं. ज्याने विरोध केला तो शेतकरी अध्यक्षांनाच वाइन ओतून देत होता.

बाबा, तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही ग्रामसभा आहे. आहे ना. पण घरपट्टी वाढवा म्हणून हात वर करणारा माणूस मला एक तरी दाखवा.

दरवेळी ते वाढवतातच असं नाही. देशभराच्या मतदानात 2010 मध्ये प्रश्न होता, श्रीमंतांसाठी सगळ्या कॅन्टनांत किमान एक दर असावा का. नाही म्हणाले. या 30 नोव्हेंबरला विचारलं, 5 कोटी फ्रँकच्या वरच्या वारशावर निम्मा कर लावायचा का. 78 टक्के नाही. एवढा वारसा मिळणारे किती असतील? पण आमच्या ऑफिसातला सफाईचं काम बघणारा माणूससुद्धा म्हणाला, ते लोक निघून गेले तर त्यांचा कर आम्ही भरायचा. इथला माणूस शेजारचं कॅन्टन डोळ्यांसमोर ठेवूनच मत देतो. कर फार वाढला तर पैसेवाला वीस मिनिटांवर राहायला जातो, भाषा तीच, डॉक्टरही तोच. आपल्याकडे तसं आहे का? काका, आता तुम्हीच बघा, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, आयकर दिल्लीचा. राज्याने उतरवायचं म्हटलं तरी हातात उरलंय किती? मुद्रांक, वीज शुल्क, पेट्रोलवरचा व्हॅट, असलंच काही. सवलती देतात त्या एकेका कारखान्याला वेगळ्या, आणि त्याला गावसभा लागत नाही.

बाबांचं एक म्हणणं मला इथे येऊन जास्त पटलं. जकात गेली ते ट्रकवाल्यांसाठी बरंच झालं, नाक्यावरच्या रांगा मी पाहिल्यात. पण त्यानंतर नगरपालिका अनुदानाची वाट बघत बसली. इथलं गाव स्वतः कमावतं म्हणून स्वतः भांडतं. आणि तरीही श्रीमंत कॅन्टनांनी गरीब कॅन्टनांना द्यायचं, ही आजची व्यवस्था 2008 पासून आहे. दर माणशी हिशेब केला तर सगळ्यात जास्त झुगच देतं, आणि एकूण रक्कम बघितली तर घेण्यात बर्न सगळ्यात पुढे. झुगवाले दरवर्षी कुरकुरतात आणि देतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांना तर आता किमान 15 टक्के भरावेच लागतात, ते 2023 च्या जूनमध्ये 78 टक्के मतांनी मान्य झालं. त्यामुळे 12 टक्क्यांची जादू मोठ्यांपुरती संपल्यातच जमा आहे.

आता माझ्यावरच्या टोल्याबद्दल. कर राहण्याच्या कॅन्टनप्रमाणे लागतो, नोकरीच्या नव्हे, हे काकांचं बरोबर. माझा कर पगारातूनच कापला जातो, आणि झुगला गेले तर कमी कापला जाईल, हेही बरोबर. पण ही गोष्ट तिथल्या घरमालकांना माहीत नसेल का? दोन खोल्यांचं भाडं ऐकून मी कागदावर मांडून पाहिलं. वाचलेला कर भाड्यात जातो आणि वर थोडे माझेच जातात. झुगची मूळ माणसं, सुतार, नर्सबाया, तीसुद्धा भाडं परवडत नाही म्हणून बाहेर राहतात आणि आमच्याच गाडीने झुगला कामाला येतात. मी मूर्खासारखी राहत नाहीये, एवढं काकांना सांगा. आणि फॉर्मवर धर्म हिंदू लिहिल्यामुळे चर्चचा कर मला नाही, हेही सांगा, त्यांना बरं वाटेल. झुग-लुझर्नमध्ये कंपन्यांना मात्र तो असतो. कंपनी कुठल्या चर्चला जाते देव जाणे.

आत्यांनी सुचवलेल्या स्थळाचं. मुलगा भेटला, चांगला आहे, झुगमध्येच राहतो. यावरून कुणी काही म्हणू नका. इथे लग्न झालं की दोघांची मिळकत एकत्र धरून कर लागतो, दोघंही कमावते असतील तर कित्येकदा जास्तच भरावा लागतो. 2016 मध्ये त्यावर मतदान झालं होतं. सरकारने सांगितलं, 80,000 जोडप्यांना फटका बसतो. नंतर कळलं, 4,54,000. न्यायालयाने ते मतदानच रद्द केलं. हे मी त्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, हा तुमचा नकार समजायचा का? मी अजून काही म्हटलेलं नाही. आई, लगेच पत्रिका काढायला जाऊ नकोस.

प्रसादच्या साखरपुड्याला मला येता येत नाहीये. जानेवारीत वर्षअखेरचे हिशेब असतात, आमच्या विभागात दोनच माणसं आहेत आणि दुसरीला बाळ झालंय. मी विचारून पाहिलं, खरंच. लग्नाला एप्रिलमध्ये येते, तिकीट काढलंय. शलाकासाठी पैठणी माझ्याकडून, रंग तिला विचारून घ्या. आईने निवडली तर मोरपंखी होईल.

बाबांच्या खात्यावर शुक्रवारी अडीच लाख पाठवलेत. त्यातले दीड हॉलवाल्याला द्या, उरलेल्यात मोतीबिंदूचं करून घ्या. एप्रिलनंतर बघू म्हणू नका, लग्नात लोकांना ओळखायचं आहे. शेताचा तुकडा विकायचं प्रसाद बोलला, ते तूर्त थांबवा. मी आहे ना. दोन वर्षांत परत येईन असं म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात आहे, आणि तुम्ही फोनवर ते कधीच काढत नाही, हेही लक्षात आहे. एप्रिलमध्ये समोरासमोर बोलू.

काकांचं उत्तर व्हॉट्सॲपवर नको, पत्राने पाठवायला सांगा. फॉरवर्ड केलेलं तर अजिबात नको.

तुमची,
सुमेधा

ता. क. नगरपालिकेने यंदा घरपट्टी वाढवली का? वाढवली असेल तर बाबांनी भरून टाकावी, आणि चौकात उभं राहून त्याचं समर्थन करू नये.