तेरच्या गुरुजींना, चारचौघांत

आदरणीय गुरुजी,

शिरसाष्टांग नमस्कार. काकूंनाही सांगा.

येळवशीच्या, म्हणजे रानात जेवायला जायच्या वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी लातूरहून आलेल्या त्या मायलेकी आम्ही. तेरच्या स्टँडवर आई खांबाला धरून गुडघे सरळ करत होती आणि मी गोरोबाकाकांच्या देवळाची वाट कुणाला विचारावी ते बघत होते. तेवढ्यात तुम्हीच पुढे होऊन म्हणालात, "कुठून आलाव, माय? पाय धरलेत का?" तुम्ही रानाकडे निघाला होतात, आदल्या दिवशीची भांडी-चादरी आणायच्या राहिल्या होत्या. "तुमचं काम खोळंबेल," असं आई म्हणाली तर "रान कुठं पळून चाललंय व्हय!" म्हणत तुम्ही सायकल पानाच्या टपरीला लावली. तिथून संध्याकाळी आम्ही ढोकीच्या गाडीत बसेपर्यंत तुम्ही सोबत होतात.

निघताना मी आभार मानायला लागले, तेव्हा तुम्ही हात हलवून विषय बदललात आणि नाव कुठं घालू नका असंही बजावलंत. नाव घालत नाही. पण आभार सगळ्यांसमोरच मानणार आहे, त्याला कारण आहे. आमच्याकडची माणसं मुरूड-ढोकी-येडशीच्या रस्त्याने बार्शीला जातात, पंढरपूरला जातात, लग्नाकार्याला जातात. ढोकीवरून आत वळलं की थोड्याच अंतरावर तेर आहे, पण तिथं कुणी वळत नाही. आईचं उभं आयुष्य लातुरात गेलं. गोरोबाकाकांची गोष्ट तिला तोंडपाठ, भजनात त्यांचं नाव रोजचं, आणि तरी तेर तिने पाहिलेलं नव्हतं. हे पत्र वाचून दोन घरं जरी वळली तरी मला बरं वाटेल.

गुरुजी, तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे आईची चाल बघितलीत. "आधी त्रिविक्रम, तिथं बसायला जागा आहे. मग म्युझियम, तिथं सावली आहे. दुपारी घरी. काकांकडं ऊन उतरल्यावर." एवढंच बोललात, पण त्यात उन्हाचा, पायऱ्यांचा, गुडघ्यांचा सगळा हिशेब होता. तीर्थाला नेणारी माणसं आईला नेहमी घाई करतात. "आवरा, पुढचं बघायचंय." म्हातारं माणूस मग गाडीतच बसून राहतो म्हणतं. त्या दिवशी आई एकदाही असं म्हणाली नाही.

त्रिविक्रमाच्या देवळासमोर तुम्ही आम्हाला आत जाऊ दिलं नाहीत. आधी बाजूने फिरवून मागच्या अंगाला नेलंत आणि आईला विचारलंत, "कसं दिसतंय?" आई बराच वेळ बघत राहिली. मागची भिंत गोल, वरचं छप्परही तसंच गोलावत आलेलं, सगळं विटांचं. "हत्ती बसल्यावाणी दिसतंय की हो," असं ती म्हणाली. तुमचा चेहरा काय खुलला! पुस्तकात त्याला गजपृष्ठ म्हणतात, असं सांगून तुम्ही समजावलंत की ही घडण बौद्ध चैत्यगृहाची, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागेची आहे. लेण्यांत डोंगर कोरून जे केलं ते इथं मोकळ्या जमिनीवर विटांनी बांधलं. पुढचा मंडप नंतरचा, आणि आत आता बळीराजाच्या गोष्टीतला पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे. विटांचं असं चैत्य देशात फार थोड्या ठिकाणी उरलंय, आंध्रातल्या चेझर्ल्याला एक आहे, हेही तुमच्याचकडून कळलं. आईने हात जोडले. मग तिने त्या विटेवर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, मातीत भाताचा कोंडा मिसळून भाजल्या की कोंडा जळून आत पोकळ्या राहतात, असं तुम्ही सांगितलंत ते याच वेळी.

पण माझ्या मनात खोल गेली ती पांढरी.

गावाच्या कडेच्या त्या टेकाडांवरून जाताना तुम्ही पायाने माती उकरून दाखवलीत. काळ्या रानाच्या मधोमध ही पांढुरकी, भुसभुशीत माती. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा उठली, चुलीतली राख, शेण, मोडकी भांडी सगळं तिथंच साचत गेलं, त्याची ही पांढरी. आमच्या आजोळीही माळवदावर घालायला अशी माती बैलगाडीने आणत, पाणी धरत नाही म्हणून. ती कुठून येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तेरची पांढरी लोकांनी अशीच घरांना, शेतांना नेली, आणि पावसाने धुपली की त्यातून मणी वर यायचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यायचे, नाणी यायची. पोरं ते मणी खेळायला न्यायची. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. त्यांनी हे सगळं ओळखलं, वर्षानुवर्षं वस्तू गोळा केल्या, सांभाळल्या. आज सरकारी संग्रहालयाला त्यांचं नाव आहे ते त्यामुळे. तुम्ही हे सांगताना "लामतुऱ्यांनी" असं घरच्या माणसासारखं म्हणत होतात, ते ऐकायला फार छान वाटत होतं.

संग्रहालयात तुम्ही आईसाठी खुर्ची मागून घेतलीत आणि प्रत्येक कपाटापुढे ती स्वतः उचलून ठेवलीत. मी धरायला आले तर दिली नाहीत. गोमेद-अकिकाचे मणी बघून आई म्हणाली, "आमच्या काळ्या पोतीत असला एखादा शोभला असता." दोन साच्यांत दाबून केलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, सातवाहनांची नाणी, उत्तरेश्वराच्या देवळाची ती कोरीव लाकडी चौकट. आणि ती हस्तिदंती बाई. वीतभरही नाही, पण तिच्यापुढून आईला उठवेना. तेव्हा तुम्ही सांगितलंत की अशीच एक बाई 1938 साली इटलीत पाँपेईच्या खोदकामात सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं, म्हणजे ती त्याआधीच इथून तिकडे पोचलेली. तशीच आणखी एक आपल्या जालन्याच्या भोकरदनला मिळाली. आईने विचारलं, "एवढ्या लांब कोण घेऊन गेलं असंल?" या प्रश्नाला तुम्ही दिलेलं उत्तर मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय.

तुम्ही म्हणालात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराच्या नोंदी लिहिल्या, त्यात आपल्या भागातली दोन गावं आहेत. गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तगर म्हणजे आपलं तेर. पैठणहून मौल्यवान खडे जायचे आणि तेरहून कापड, जाडंभरडं आणि तलमही, गाड्यांत भरून आडवाटांनी भडोचच्या बंदराला. पुढे कित्येक शतकांनी कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवून घेत राहिले. आईने हे सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "तीस दिवस बैलं चालायची?" तुम्ही म्हणालात, "चालायची, माय. तुमच्यावाणीच, बसत बसत." त्यानंतर आईला आपल्या चालण्याचा संकोच राहिला नाही. गुरुजी, हे तुमच्या लक्षात आलं का मला ठाऊक नाही, पण मी बघत होते.

दुपारी काकूंनी जे केलं त्यासाठी मला वेगळं पत्र लिहायला हवं. न सांगता दोन पाहुण्या घरात आल्या आणि त्यांनी आधी आईला पाय धुवायला ऊन पाणी दिलं. येळवशीची भज्जी उरलेली होती, मडक्यात आंबिल होती, उंडे होते, त्यांनी बाजरीची गरम भाकरी वर टाकली. "शिळं देतेय म्हणू नका," असं त्या म्हणत होत्या आणि आई म्हणत होती की भज्जीला दुसऱ्या दिवशीच चव येते. खरंच येते. हरभरा, तूर, वालाचे दाणे, पालेभाजी, सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. जेवणानंतर आईला त्यांनी आतल्या खोलीत आडवं केलं, गुडघ्याला तेल लावलं. कुणाच्या घरी आई अशी निवांत झोपलेली मी फार दिवसांनी पाहिली.

ऊन कललं तसे आपण तेरणेकाठी गेलो. गोरोबाकाकांची समाधी, शेजारी काळेश्वराचं देऊळ. तिथं तुम्ही जे केलंत त्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले आहे.

ओट्यावर टेकल्यावर आई आपणहून बोलायला लागली. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली होती, मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आमचीही मडकी बघा की. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि ठरलं की हेच मडकं कच्चं. गुरुजी, ही गोष्ट तुम्ही त्याच गावात, शाळेत, किती पिढ्यांच्या पोरांना सांगितली असेल! तरी तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. आई थांबली की "मग?" एवढंच विचारायचात. तिने मग नामदेवांना औंढ्याला नेलं, विसोबा खेचरांची भेट घडवली, पिंडीवर ठेवलेले पाय सांगितले. बोलता बोलता तिचा आवाज भजनातल्यासारखा उंच झाला. शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या, एक पोरगं थांबलं. वडील गेल्यापासून आई घरात ऐकणारी झाली आहे, सांगणारी राहिली नाही. तेरच्या ओट्यावर तुम्ही तिला सांगू दिलंत. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट तुम्ही तिच्याकडून, पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकलीत. हे मोल मी कशाने फेडू?

मग तुमच्या ओळखीच्या कुंभारदादांच्या अंगणात. संक्रांत जवळ आलेली, सुगडी रांगेने वाळत पडलेली. त्यांनी ओल्या मडक्याच्या आत दगडाचा गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकून दाखवलं, एकसारखा हात, आणि बघता बघता भिंत पातळ होत मडकं फुगत गेलं. आई म्हणाली, आयुष्यभर गोष्ट सांगितली, थापटणं आज पाहिलं. त्यांनी भाजलेलं एक मडकं तिच्या हातात दिलं, बोटाने वाजवायला लावलं. पैसे घेईनात. तुम्ही मध्ये पडून घ्यायला लावलेत तेही बरं केलंत, त्यांची ती रोजीरोटी आहे. त्यांनाही आमचे आभार सांगा.

घरी आल्यापासून आईचं तेर संपत नाही. भजनी मंडळातल्या बायांना ती हत्तीच्या पाठीचं देऊळ हाताने काढून दाखवते. इटलीला गेलेली बाई तर आता आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत झाली आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला काकांच्या यात्रेला जायचं त्या बायांनी ठरवून टाकलंय. चैत्राचं ऊन आणि यात्रेची गर्दी आईला झेपणार नाही, म्हणून मी सुचवलंय की यात्रेच्या आधी एखाद्या साध्या दिवशी, सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊ. बाया तयार आहेत. एकीचे गुडघे आईपेक्षा वाईट आहेत, तिला त्रिविक्रमाच्या मागच्या अंगाला नेता येईल का, तेवढं कळवा.

त्या दिवशी तुमचं रानातलं काम असेल तर ते मोडू नका. वाट आता आम्हाला माहीत आहे आणि सांगायला आई आहे. मात्र संध्याकाळी ओट्यावर याल तर आईला फार आनंद होईल, तिने विसोबांची गोष्ट अर्धीच सांगितली असं तिचं म्हणणं आहे. काकूंसाठी ती तिळाच्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणणार आहे. त्यांना भाकरी टाकू द्यायची नाही, बाया डबे घेऊन येतील.

तुमच्या,
लातूरच्या मायलेकी