लाल कोब्याला पाणी कमी, दिवस जास्त

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की जुन्या घरांची दुरुस्तीची कामे निघतात. हल्ली फरशी काढून पुन्हा लाल कोबा, म्हणजे जागेवरच ओतून घोटलेली रंगीत सिमेंट-काँक्रीटची जमीन, घालून घेणारे बरेच आहेत, आणि त्यांची निवड चांगली आहे. पण दोन-तीन महिन्यांत त्यावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते, पांढरे चट्टे येतात, केरसुणीबरोबर लाल भुकटी निघते. मग खापर रंगावर किंवा गवंड्यावर फुटते. खरा दोष बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याचा आणि मालकाच्या घाईचा असतो.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा हिशेब मांडू. ४० मिमी जाडीचा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) कोबा धरला तर सिमेंटची पावणेतीन ते तीन पोती, ७ घनफूट वाळू आणि १० ते १२ मिमीच्या आतली १४ घनफूट खडी लागते. वरच्या रंगीत नीरूला, म्हणजे घोटून गुळगुळीत करायच्या सिमेंटच्या पातळ थराला, चौरस मीटरमागे २ किलो, म्हणजे साधारण अर्धे पोते सिमेंट. लाल ऑक्साईड ५० किलो सिमेंटला साडेतीन किलो या प्रमाणात, म्हणून या खोलीला दीड-पावणेदोन किलो पुरे. रंग गडद हवा म्हणून ऑक्साईड वाढवत नेऊ नये. सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे गेले की वरचा थर कमकुवत होतो. सगळ्या खोलीचे सिमेंट आणि ऑक्साईड कोरडेच, एकाच वेळी मिसळून दोनदा चाळून ठेवावे. घमेल्यागणिक अंदाजाने रंग टाकला की प्रत्येक चौकोनाची छटा वेगळी येते, आणि तो फरक नंतर काही केल्या जात नाही.

पाणी पोत्यामागे २५ लिटरपेक्षा जास्त नको, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरावे. पसरायला सोपे जावे म्हणून नळी सोडणे हीच पहिली चूक. जास्तीचे पाणी उडून गेले की काँक्रीट आकसते आणि तडकते. म्हणूनच अख्खी खोली एकसंध ओतू नये. या खोलीचे पाच बाय चार फुटांचे सहा चौकोन पाडावेत, मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या कराव्यात आणि एकाआड एक चौकोन भरावा. ॲल्युमिनियमची पट्टी टाळावी, ओल्या सिमेंटशी तिची प्रक्रिया होते. खालचा जुना थर टाचे मारून खरखरीत करावा, धुऊन रात्रभर भिजवावा, आणि ओतण्याच्या तोंडावर त्यावर सिमेंटचा पातळ रबडा ब्रशने फिरवावा. हा रबडा आधीच लावून वाळू दिला तर उलट वरचा थर सुटतो आणि कोबा पोकळ वाजतो.

सगळ्यात नाजूक वेळ सपाटीची पट्टी आणि लाकडी रंधा मारून झाल्यावरची. वर पाणी सुटते. ते दिसेनासे होईपर्यंत थांबावेच लागते, आणि नेमके तेव्हाच काम उरकायचे असते. मग त्या पाण्यावर सुके सिमेंट भुरभुरवतात आणि लगेच थापी चालवतात. त्यामुळे वर नुसत्या सिमेंटचा पापुद्रा तयार होतो. तो खालच्या काँक्रीटपेक्षा जास्त आकसतो, म्हणून जाळे पडते; पाणी आतच कोंडते, म्हणून भुकटी निघते. पाणी ओसरले, पण काँक्रीट अजून कच्चे आहे, अशा वेळी रंगीत नीरू दाबून बसवावा आणि पोलादी थापीने दोन-तीन फेऱ्यांत, मध्ये थांबत घोटावा. दुसऱ्या दिवशी कडक कोब्यावर नीरू लावणे म्हणजे पापुद्रे निघण्याची सोय. कोबा ओतण्याच्या दिवशी पंखे बंद ठेवावेत, ऊन-वाऱ्याच्या खिडक्या झाकाव्यात.

चोवीस तासांनी चिकणमातीचे बांध घालून इंचभर पाणी साठवावे आणि ते दहा दिवस मोडू नये. दुकानात सहसा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंट मिळते, त्याला सात दिवस पुरत नाहीत. पाणी साठवण्याऐवजी ओली गोणपाटे टाकली तर ती रंगीत कोब्यावर डाग सोडतात. रंगकाम करताना टाइल्सवर प्लास्टिक आणि पीओपी घालतात, ते ताज्या कोब्यावर घातले तर ओल अडकून ढगासारखे चट्टे उमटतात. तीन-चार आठवडे नीट वाळल्यावरच मेण किंवा सीलर (छिद्रे बुजवणारा लेप) लावावा. त्याआधी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावे. सकाळी खाली दव दिसले तर अजून थांबावे. तळमजल्यावर ही ओल जमिनीतूनही येते. तिथे कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद घातलेला नसेल तर वर दिलेला इपॉक्सीचा (रेझिनचा) लेप फुगून सुटतो, पांढरे क्षारही पुन्हा पुन्हा येतात.

फ्लॅटमध्ये जुनी फरशी तशीच ठेवून वर कोबा घालू नये. ४० मिमी काँक्रीटचे वजन चौरस मीटरला ९५ किलोच्या आसपास भरते, शिवाय दारे खालून कापावी लागतात. तिथे दोन-तीन मिमीचे मायक्रोटॉपिंग (सिमेंटचा पातळ लेप) बरे, पण तो नुसता लेप आहे, खालची फरशी हलत असेल तर त्याच रेषेत तडकणार. कोब्यातून विजेची नळी नेली तरी तेच होते.

स्वयंपाकघरात आमसुलाचे पाणी, चिंच, लिंबू सांडले तर लगेच पुसावे. आंबट पदार्थ सिमेंटमधला चुना खातो आणि झिलई जाते. क्षारांचे पांढरे डाग घालवायला संडास साफ करायचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. कंत्राट लिहिताना पाण्याचे माप आणि पाणी साठवण्याचे दहा दिवस ही दोन कलमे घालावीत, आणि त्या दहा दिवसांत सुताराला, रंगाऱ्याला त्या खोलीत बोलावू नये.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी