चूक दीर्घ, चुकीची ऱ्हस्व

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सिटकॉमचे, म्हणजे विनोदी मालिकांचे, चाहते एकमेकांच्या शुद्धलेखनाची टोपी उडवत बसतात, तरी कुणी चिडत कसं नाही, असं तू विचारलंस. अरे, चिडतात की! पण टोमणा जमलेला असला तर आधी हसू फुटतं आणि चिडायचं राहून जातं.

या खेळाचा मूळ पुरुष म्हणजे 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतला रॉस. चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात (१९९७) त्याची दुरावलेली प्रेयसी रेचल त्याला पाठपोट अठरा पानांचं पत्र लिहिते: नातं तुटलं त्याची जबाबदारी घेतोस का? हा पठ्ठ्या ते वाचता वाचता झोपतो आणि पुरतं न वाचताच होकार देऊन मोकळा होतो. मग जुंपते. ऐन भांडणात तो तिला 'युअर' आणि 'यू आर'चं जोडरूप यांतला स्पेलिंगचा फरक शिकवतो. दुरुस्ती अगदी बरोबर, वेळ साफ चुकलेली. त्यातली कारागिरी बघ: हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच, म्हणजे चूक दिसायला आधी कागद हवा. तो कागद लेखकांनी पत्राच्या निमित्ताने अगोदरच हातात ठेवलाय. उलट अमेरिकन 'द ऑफिस'मध्ये (चौथा सीझन, २००७) 'हूएव्हर' की 'हूमएव्हर' यावर सगळे तावातावाने भांडतात, तिथे कागदाचं कामच नाही. फरक ऐकूच येतो, खरा नियम मात्र फारच थोड्यांना ठाऊक.

मराठीत 'हूम'चं भांडण लागत नाही, 'कोण' आणि 'कोणाला' यांत कुणीच गोंधळत नाही. आपला आखाडा रॉसचा, म्हणजे कागदावरचा ऱ्हस्व-दीर्घ. कुणी लिहिलं, 'शेवटचा भाग पाहिला, आजचा दीन आनंदाचा', तर 'नियम वाच' म्हणणारा रटाळ. 'दीन माणसाला कसला आलाय आनंद?' असं विचारणारा खरा खेळाडू. अशा जोड्या खिशात ठेव: दिन-दीन, शिर-शीर (डोकं आणि रक्तवाहिनी), सुत-सूत (मुलगा आणि धागा), पाणि-पाणी (हात आणि जल). चुकीच्या शब्दालाही स्वतःचा अर्थ असला तरच कोटी होते. 'आणी'तून कोटी निघत नाही, तिथे गुपचूप 'आणि' लिहून पुढे जावं.

आता सगळ्यात जास्त फसवणारा नियम. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: चूक, गरीब, वकील, फूल. कारण शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, सगळा भार आधीच्या अक्षरावर येतो. प्रत्यय लागताना सामान्यरूप झालं की भार पुढे सरकतो आणि ते अक्षर ऱ्हस्व होतं: गरिबाला, वकिलाचा, फुलाला. तसंच 'चुकीचा'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून सुटतात, म्हणून 'गुण' आणि 'विष' ऱ्हस्वच. इंग्रजी शब्दांचं बहुधा सामान्यरूपच होत नाही ('सिनाला' कोण म्हणतं?), त्यामुळे 'सीन'चं 'सीनमध्ये' आणि 'टीम'चं 'टीमला'. 'सिनमध्ये' लिहिणाऱ्याने नियम अर्धाच पाठ केलेला असतो. मराठी शुद्धलेखनाचे हे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली चार वाढून अठरा झाले. अठराच, तरी भांडायला जन्म पुरतो.

काही चुका माणसाच्या नसून कीबोर्डच्या असतात, त्यावर हसू नये. 'ऑ' हे एकच अक्षर आहे. कुणी आधी 'आ' आणि मग वरचा चंद्र असं वेगवेगळं टाइप केलं तर डोळ्यांना तेच दिसतं, पण संगणकाला ती दोन चिन्हं वाटतात आणि 'ऑफिस' शोधताना तो मजकूर सापडेलच असं नाही. 'ॲ' तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, २००८ साली आला, म्हणून जुन्या मजकुरात 'ऍ' भेटतो. 'दुसऱ्या'ऐवजी 'दुसर्या सीझनमध्ये' ही चूकही अशीच. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की 'ऱ' येतो, मग 'डी'ने हलन्त, मग 'य'. एवढे कष्ट घ्यावेत, कारण 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतात, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी.

शेवटचं पथ्य: टोमणा मारण्याआधी आपलंच वाक्य दोनदा वाच. दुसऱ्याच्या लिखाणातल्या चुका काढणाऱ्याच्या मजकुरात हमखास एक चूक असते, हा 'मफ्रीचा नियम' जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ साली मांडला. ('जे बिघडू शकतं ते बिघडतंच' म्हणणाऱ्या मर्फीचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवलंय, हे तुला सांगायला नको.) आपल्याकडची हमखास चूक म्हणजे 'शुध्दलेखन'. त्या जोडाक्षरात 'ध' बारीक होऊन 'द'ला खाली लटकतो, म्हणून डोळा फसतो. तोंडाने 'शुद्-ध' म्हणून बघ, आधी 'द', मग 'ध'. हीच चूक करून कुणी शुद्धलेखनाचा उपदेश करत असेल तर त्याचंच वाक्य जसंच्या तसं त्याच्यापुढे ठेव आणि खाली एक अक्षरही लिहू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू

ता. क. तुझ्या पत्रात 'रॉसची बाजु' आहे. अठरा पानं नव्हती, तरी मी जागाच होतो.