बातमी लिहायला शिकवतो, वाचायला कधी?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. दर वर्षी पोरांकडून ढीगभर लेटर लिहून घेतो पण पेपरला स्वतः पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या.

दहावीच्या इंग्रजीला न्यूज रिपोर्ट लिहायचा प्रश्न असतो. हेडलाईन दिलेली असते, त्याखाली तारीख, गाव, मग पहिला पॅरा, मग सविस्तर बातमी असं पोरांनी रचायचं. समजा हेडलाईन आली शाळेत वृक्षारोपण, की पोरगं मनानंच तारीख टाकतं, मनानंच कलेक्टरला बोलवतं, मनानंच पाचशे झाडं लावतं अन फॉरमॅट बरोबर आहे म्हणून आम्ही मार्क देतो. मी पण देत आलोय. मागच्या सराव परीक्षेत एकानं बस अपघातात चाळीस माणसं मारली. एवढी कशाला मारलीस रे म्हणलं, तर म्हणला, "सर, बातमी मोठी वाटावी म्हणून." सगळा वर्ग हसला, मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. बातमी तयार कशी करायची हे आपण मार्क देऊन शिकवतोय, अन फोनवर आलेली बातमी खरी का खोटी हे बघायला मात्र एक तास सुद्धा नाही.

हे खटकायला कारण आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आमच्याकडं भूकंप झाला, ४.५ रिश्टर, केंद्र आखाडा बाळापूरच्या बाजूला. भांडी हलली, पत्रे वाजले, माणसं बाहेर पळाली. मराठवाड्यात भूकंप म्हणलं की म्हाताऱ्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवते, त्यामुळं भीती खरीच होती. पण दुपारपर्यंत ग्रुपवर मेसेज आला की नासानं अलर्ट दिलाय, आज रात्री ११ ते २ मध्ये ८ रिश्टरचा धक्का बसणार, सगळ्यांनी बाहेर झोपा. अर्धं गाव लेकराबाळांसकट बाहेर झोपलं. भूकंप कधी अन किती वाजता होणार हे सांगणारं यंत्र जगात कुणाकडंच नाही, नासाकडं पण नाही, पण हे त्या रात्री कुणाला सांगावं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या तासाला तोच मेसेज फळ्यावर लिहिला, जसाच्या तसा, त्यातल्या इंग्रजी स्पेलिंगच्या चुका पण ठेवल्या. म्हणलं यावर प्रश्न काढा, हू, व्हेन, व्हेअर, हाऊ. नेहमी अनसीन पॅसेजवर काढतात तसे. पहिले दहा मिनिटं कोण बोलेना. मग मागच्या बेंचवरची एक पोरगी, जी तासाला कधी तोंड उघडत नाही, ती म्हणली, "सर, आज रात्री म्हणजे कोणती रात्र?" अन खरंच की, मेसेजमध्ये तारीखच नव्हती. आज रात्री लिहिलं की तो मेसेज कधी शिळाच होत नाही, तीन वर्षांनी वाचला तरी आजच. मी एवढी वर्षं हे मेसेज वाचतोय पण माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल की हे इंग्रजीच्याच तासाला कशाला. तर आमच्याकडं इंग्रजीत लिहिलेलं आहे म्हणजे खरंच असणार असं अजून पण मानतात. नासा, युनेस्को, डब्ल्यूएचओ असं एखादं नाव टाकलं की विषय संपला. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवलं हा मेसेज किती वर्षं फिरतोय, युनेस्कोनं स्वतः सांगितलं की आम्ही असं काही केलं नाही, तरी १५ ऑगस्ट जवळ आला की येतोच. (मी पण एकदा स्टाफच्या ग्रुपवर टाकलाय, लपवत नाही.)

अन दुसरं, खेड्यात घरातलं इंग्रजी वाचणारं माणूस म्हणजे हायस्कूलचं पोरगं. बाप फोन पुढं करतो, बघ रे काय आलंय. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून पीएम किसान नावाची एपीके फाईल (दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली, पोरानं वाचलं, वर इंग्रजीत गव्हर्नमेंट लिहिलंय म्हणला अन इन्स्टॉल केली, सोयाबीनचे पैसे गेले. पोरगं आठ दिवस शाळेत आलं नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की सरकारी योजना अशी फाईल पाठवत नसते, पीएम किसानच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं अन ज्याच्या नंबरवरून फाईल आली त्याला स्वतःला पत्ता नसतो की आपल्या फोनवरून काय काय चाललंय.

व्याकरण तर आम्ही शिकवतोच ना, त्यातच हे बसतं. पॅसिव्ह व्हॉइस घ्या. कर्ता शेवटी जातो अन पुष्कळदा गळूनच पडतो, इट इज सेड दॅट, म्हणजे असं म्हणलं जातं. कोण म्हणलं? ते वाक्यात नाहीच. मोडल ऑक्झिलरी घ्या, मे, माइट, कुड. एका इंग्रजी बातमीत होतं की सोयाबीन सात हजाराला कुड टच, म्हणजे कदाचित जाऊ शकतं, ग्रुपवर मराठीत येईस्तोवर झालं सोयाबीन सात हजार होणार, तो कुड रस्त्यातच कुठंतरी पडला अन लोकांनी पोती घरात ठेवली. मी ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली तेव्हा पोरांना कुड जेवढा कळला तेवढा गाईड पाठ करून कधी कळला नव्हता.

२०१८ ला देशभर पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं आईबापांना सावध करायला केलेला, शेवटी ते मोटरसायकलवाले लेकरू परत आणून सोडतात, फक्त तो शेवट कोणीतरी कापला. त्याच अफवांच्या दिवसांत १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी ठेचून मारले. मारणाऱ्यांत शाळा शिकलेले पण असतीलच की. त्याच वर्षी केरळात कन्नूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखायचे वर्ग सुरू केले, अन आता तिथं पाचवी-सातवीच्या आयसीटीच्या, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकातच हा विषय आहे. आपल्याकडं ऐकलं की मुख्याध्यापक विचारतात सिलॅबस कधी पुरा करणार. त्यांचं पण चूक नाही, वरून रोज एक नवीन माहिती भरायला येते. म्हणून नवीन विषय नको, नवीन पुस्तक तर नकोच, त्याचं पण ट्रेनिंग लावतील. बोर्डानं एवढंच करावं, न्यूज रिपोर्टच्या प्रश्नाला एक ऑर्‌ म्हणजे पर्याय द्यावा, छापून आलेली बातमी द्या अन विचारा की हे कोणी सांगितलं, कोणाला विचारलं नाही, कोणतं वाक्य माहिती अन कोणतं मत. मोबाईल लागत नाही, फळा अन खडू पुरतो.

जाता जाता तुमच्याबद्दल पण, राग मानू नका. शाळेत तुमचा पेपर येतो, पोरांना जाहिरात अन बातमी वेगळी काढायला लावली तर एक अख्खं पान त्यांनी बातमी म्हणून काढलं, मी पण फसलो, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात जाहिरात लिहिलेलं होतं. अन सध्या पोरं शुद्धिपत्र शोधतायत. पहिल्या पानावर चुकलेल्या आकड्याची दुरुस्ती त्यांना चार दिवसांनी आतल्या पानावर टेंडर नोटीसच्या खाली सापडली. सर, चूक वर अन सॉरी खाली असं का, हे मला विचारतायत, मी म्हणलं संपादकांनाच विचारतो. उत्तर छापलं तर वर्गात वाचून दाखवीन.

आपला,
एक इंग्रजीचा मास्तर, ता. कळमनुरी