दोन लुगड्यांची गोधडी

वाई, १४ सप्टेंबर

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद,

परवा रात्री फोनवर तू इतकी भरभर बोलत होतीस की मला अर्धंच कळलं. आणि जे कळलं त्यावर मी जे बोललो ते फोन ठेवल्यावर मलाच पटेना. म्हणून हे पत्र. आई म्हणते व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाका. चार ओळींत मावायचं नाही.

वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी तुला लिहिलंय की नववीला जीवशास्त्र शिकवताना "दोन्ही बाजू" सांगा, उत्क्रांती सांगता तशी देवाने घडवलेली सृष्टीही सांगा. नोकरीला लागून तुला तीन आठवडे झालेत. मी म्हणालो, "हसून सोडून दे." हसण्यासारखं त्यात काही नाही, आणि सोडून देण्यासारखं तर नाहीच.

मागच्या खेपेला आम्ही तिकडे अमेरिकेत आलो तेव्हा मी तुला पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टासमोर गाडी थांबवायला लावली होती. तू वैतागली होतीस, पार्किंग मिळत नव्हतं. त्या कोर्टात २००५ साली सहा आठवडे हाच खटला चालला. खटला डोव्हर गावचा, तुझ्यापासून ते काही फार लांब नाही. तिथल्या स्कूल बोर्डाने ऑक्टोबर २००४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला, की डार्विनच्या सिद्धान्तातल्या "त्रुटी" आणि "इंटेलिजंट डिझाइन", म्हणजे सजीव कुण्या बुद्धिमान कर्त्याने घडवले असं म्हणणारा दुसरा पर्याय मुलांच्या कानावर घालायचा. त्यासाठी चार परिच्छेदांचं एक निवेदन तयार केलं. ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे, वेगळं वाचायचं असेल तर अमुक पुस्तक ठेवलंय, अशा धर्तीचं. नववीच्या वर्गात ते वाचून दाखवायचं.

विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला. त्यांनी आरडाओरडा केला नाही, मोर्चा काढला नाही. जे खरं नाही हे आपल्याला माहीत आहे ते विषय म्हणून मुलांपुढे मांडणार नाही, एवढंच लिहून दिलं. मग जानेवारी २००५ मध्ये शाळेच्या प्रशासनातले लोक वर्गात आले आणि निवेदन वाचून गेले. त्यावर मुलांनी प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम होता. मीनल, मी एकतीस वर्षं खडू धरला. ज्या वाक्यावर प्रश्न चालत नाही ते वाक्य विज्ञानाच्या तासाला आलंच कसं, एवढं एक विचारलं असतं तरी पुढचा खटला टळला असता.

अकरा पालक कोर्टात गेले. त्यांतले काही नेमाने चर्चला जाणारे होते, हे त्या वडिलांना उत्तर लिहिताना मनात ठेव. ज्यांची साक्ष सगळ्यांत गाजली ते प्राध्यापक केनेथ मिलर स्वतः कॅथलिक. न्यायाधीश जॉन जोन्स रिपब्लिकन, धाकट्या बुशनी नेमलेले. म्हणजे हा आस्तिक विरुद्ध नास्तिक असा सामना नव्हताच.

मला त्या खटल्यातली सगळ्यांत आवडती गोष्ट त्या पुस्तकाची. शाळेत त्याच्या ६० प्रती आल्या होत्या. १९८७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लुइझियानाच्या प्रकरणात निकाल दिला की सरकारी शाळेत "सृष्टिविज्ञान" शिकवायची सक्ती घटनेत बसत नाही. पालकांच्या वकिलांनी पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे मिळवले, तर दिसलं काय, त्या निकालानंतर "क्रिएशनिस्ट" (सृष्टी देवाने घडवली असं मानणारे) काढून तिथे तिथे "डिझाइनचे पुरस्कर्ते" घातलेलं. मजकूर बाकी तोच. आणि एका ठिकाणी घाईत जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहून मधे नवा शब्द घुसलेला. आमच्या वर्गात शेजारच्याची कॉपी करताना त्याचा हजेरी क्रमांकसुद्धा उतरवणारी पोरं असत. तसलंच हे.

२० डिसेंबरला १३९ पानी निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी बोर्डातल्या निवडणूक लढवणाऱ्या आठही जणांना घरी बसवलं होतं. वकिलांच्या खर्चापोटी शाळेवर दहा लाख डॉलरचा भुर्दंड पडला. तेव्हा कायद्याची काळजी तू करू नकोस. तुझ्या विभागप्रमुखांना ते पत्र दाखव, झालं.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. मी तुला हसायला सांगितलं, कारण माझं स्वतःचं एक प्रकरण मला झाकायचं होतं.

दहावीला उत्क्रांती शिकवताना मी पहिली काही वर्षं दशावतार सांगायचो. आधी मत्स्य, म्हणजे पाण्यातला. मग कूर्म, पाण्यातला आणि जमिनीवरचा. मग वराह, नरसिंह, वामन. बघा, डार्विनच्या आधी आपल्याकडे होतंच! वर्ग खूश, पालक खूश, मुख्याध्यापक तर फारच खूश. कुणाचं मन दुखावत नाही आणि धडा पुढे सरकतो. एका घटक चाचणीत मी विचारलं, "उत्क्रांतीचे कोणतेही तीन पुरावे लिहा." एका हुशार मुलाने क्रमांक घालून, अधोरेखित करून लिहिलं: १. मत्स्य २. कूर्म ३. वराह. जीवाश्म नाहीत, अवशेषांगं नाहीत, काही नाही. लाल पेन घेऊन मी बराच वेळ बसलो आणि त्याला तीनपैकी तीन दिले. शिकवलं मीच होतं ना. त्यानंतरही दोन वर्षं मी दशावतार सांगत राहिलो. सोपं पडायचं. डोव्हरच्या मास्तरांनी जे वाचायला नकार दिला ते मी कुणी न सांगता, हौसेने वाचून दाखवत होतो.

दशावतारात वाईट काही नाही. आजही मी एकादशीला देवळात जातो. पण तो पुरावा नाही, आणि पुराव्याच्या बाकावर त्याला मीच नेऊन बसवलं.

आपल्याकडे काय सगळं आलबेल आहे असंही समजू नकोस. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादेत केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र येऊन खुलासा काढावा लागला. मग एनसीईआरटीने दहावीच्या धड्यातून "उत्क्रांती" गाळली, नुसती "आनुवंशिकता" ठेवली. करोनात अभ्यासाचं ओझं कमी करायचं म्हणून, असं कारण दिलं. २०२३ मध्ये अठराशेच्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. बारावीला आहे की, असं उत्तर मिळालं. बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण?

आता तुझ्या वर्गाचं. वाद घालू नकोस, गुणसूत्रं शिकव. मिलरांनी कोर्टात हेच केलं. चिंपांझी, गोरिला यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्या २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी एकमेकांना जोडली गेली असणार, आणि त्या जोडाची खूण सापडली पाहिजे. नाही सापडली तर डार्विन अडचणीत. शोधलं, तर सापडली, आपल्या क्रमांक २ च्या गुणसूत्रात. टोकाला असायची ती टेलोमिअरं मधोमध, आणि एका निकामी गुणसूत्रबिंदूचे (एरवी प्रत्येक गुणसूत्राला तो एकच असतो) अवशेष.

हे नुसतं सांगून पोरांना दिसणार नाही. मलाही आकृती काढून कधी जमलं नाही. पण आजीची गोधडी तुझ्याकडेच आहे ना, हिरवी-जांभळी? दोन जुनी लुगडी टोकाला टोक जोडून शिवलेली, त्यामुळे पदराची जर बरोबर मधे आली आहे. लहानपणी तू विचारायचीस, "पदर मधेच कसा?" आजी म्हणायची, "दोन होती, गं."

वर्गात घेऊन जा. जोडावरचा एक टाका उसवलाय, त्याला हात लावू देऊ नकोस.

तुझा,
बाबा